सात घरांचं शेत

जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नाव आता त्याच्या वंशजांनाही आठवत नसेल.

त्या राज्यातल्या एका मोठ्या गावात सुभाना नावाचा सुतार राहत असे. हाताचा कसबी, बोलायला गोड, पण गावाला विटलेला. त्या गावात शेताच्या हद्दीवरून सारखी भांडणं होत. भावाने भावाच्या रानात वीतभर नांगर घातला, की डोकी फुटत. आज सुभानाकडून नांगर दुरुस्त करून नेणारा माणूस चार दिवसांनी कुऱ्हाडीला नवा दांडा बसवायला येई, आणि तो दांडा लाकूड तोडण्यासाठी नाही हे सुभानाला कळत असे.

दिवस कलला की त्याच्या पडवीत काही माणसं जमत. बहिरू कुंभार येई, नागोजी कोष्टी येई, गावातली निम्मी माणसं जिच्या हातावर जन्मली ती चिमाई नावाची म्हातारी सुईण काठी टेकत येई. आणखी तीन-चार घरची मंडळी असत. सगळ्यांचं बोलणं एकच. सगळ्यांनी मिळून एक शेत करावं. एक खळं, एक कणगी, एक चूल. बांध असावेत ते पाणी अडवायला, माणसाला अडवायला नव्हेत.

सुभाना बोलू लागला की सगळे माना डोलवत. सुभानाची बायको गजरा तेवढी दाराशी बसून विचारी, “ते सगळं खरं, पण पहाटे उठून गुरांचं शेण कोण काढणार?”

सगळे हसत. सुभाना म्हणे, “अगं, जिथे मनं एक आहेत तिथे असले प्रश्न पडतच नाहीत.”

पुढे एकदा राजाची दवंडी आली. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातली जमीन ओसाड पडली आहे. जो ती कसेल त्याने ती खावी. सुभानाला वाटलं, ही दवंडी आपल्यासाठीच पिटली आहे. महिन्याभरात सात घरांनी भांडीकुंडी बैलगाड्यांवर घातली आणि डोंगर ओलांडला.

खोरं सुरेख होतं. वरून एक ओढा बारमाही वाहत होता. उतारावर भाताची खाचरं काढता येतील अशी काळीभोर माती होती. सातही घरांनी उन्हाळाभर खपून ओढ्यावर दगडमातीचा बंधारा घातला, खाचरांपर्यंत पाट आणला, एकाखाली एक अशी चौदा खाचरं बांधून काढली. हातांना फोड आले, पण कोणी कुरकुरलं नाही.

कुरकुरायचं नाही, असं जणू सगळ्यांनी मनाशी ठरवलंच होतं. घरं कुठे बांधायची हा प्रश्न निघाला, तेव्हा सुभानाने विचारलं, “बहिरू, तुझं काय मत?”

“तुम्ही म्हणाल तसं,” बहिरू म्हणाला.

“नागोजी?”

“सगळ्यांना बरं वाटेल तसं.”

खरं तर प्रत्येकाला उंचवट्यावरची कोरडी जागा हवी होती. पण आपण मागितली तर आपण हावरे दिसू, म्हणून एकानेही तोंड उघडलं नाही. अखेर घरं ओढ्याकाठच्या चिखलात उभी राहिली आणि उंचवट्यावर गुरं बांधली गेली. पावसाळाभर गुरं कोरडी राहिली आणि माणसं खोकत राहिली.

पहिल्या वर्षीची लावणी झाली. रोपांनी मूळ धरलं. आणि एका सकाळी सुभानाच्या लक्षात आलं, की खाचरांतलं पाणी उतरतं आहे. तो बांधावरून वाकून वाकून चालला. बांधाला खेकड्यांनी बिळं पाडली होती. बोटभर रुंदीची बिळं, पण एकेकातून रात्रभर धार लागलेली. त्याने गवताचे बोळे केले, ते बिळांत ठासले, वरून चिखल लिंपला आणि टाचेने दाबून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बिळं. खेकड्याला काही माणसाची दया येत नाही. मग सुभाना रोज उजाडायच्या आधी उठू लागला. चौदा खाचरांचा फेरा घाली, बिळं बुजवी, पाटाच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा काढी, आणि बाकीची मंडळी आळोखेपिळोखे देत बाहेर येईपर्यंत ओढ्यावर पाय धुऊन परत येई.

गजरा म्हणाली, “तुम्ही हे कोणाला सांगत का नाही? रोज एकट्याने का मरायचं?”

“सांगून करवून घेतलं तर त्यात काय राहिलं? तसं तर गावातही होतंच. ज्याचं मन आपल्यासारखं, त्याला आपोआप दिसेल.”



पहिल्या वर्षी भात उत्तम आलं. कणगी गळ्यापर्यंत भरली. नव्या तांदळाचा भात रांधला, सगळे एका पंगतीला बसले. पहिला घास घेऊन नागोजी म्हणाला, “या जमिनीला देवाचा हात लागलेला आहे! आमच्या गावाकडे पाण्यावरून मारामाऱ्या. इथे खाचरात पाणी आपलं आपण राहतं.”

“अगदी खरं,” सगळे म्हणाले.

सुभानाच्या तोंडातला घास तोंडातच फिरत राहिला. त्याने पंगतीवर नजर टाकली. सगळे चेहरे समाधानी होते. त्याच्याकडे कोणीच पाहत नव्हतं.

दुसऱ्या वर्षीही तो पहाटे उठत राहिला, पण आता त्याचा फेरा पूर्वीसारखा राहिला नव्हता. चालताना तो मनातल्या मनात मोजू लागला. बहिरू अजून झोपलेला. नागोजीच्या दारात अजून झाडलोट नाही. ज्या बांधावरून तो पूर्वी गुणगुणत जात असे, त्यावरून तो आता दात खात जाऊ लागला. माणसांशी मात्र पूर्वीसारखाच गोड बोले. उलट थोडा जास्तच.

आश्विन लागला. भात पोटरीत आलं होतं. रोपाच्या पोटात लोंबी धरण्याचे ते दिवस. याच दिवसांत भाताच्या पायाशी पाणी हवं. पाऊस सरला होता, सगळी भिस्त पाटावर होती. त्याच सुमाराला गजरा धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला डोंगरापलीकडे गेली.

एका पहाटे सुभानाला जाग आली आणि तो उठलाच नाही. छताकडे बघत पडून राहिला. ‘पाहू तरी,’ त्याच्या मनात आलं, ‘कोणाला काही दिसतं का.’

पहिल्या दिवशी पाणी चार बोटं उतरलं. कोणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या दोन खाचरांत चिखल उघडा पडला. पाटातून पाणी येत होतं, पण खाचरात शिरून बांधातल्या बिळांतून निसटत होतं आणि सरळ ओढ्याला मिळत होतं. तिसऱ्या दिवशी बहिरू बांधावर उभा राहून बराच वेळ खाली बघत होता. सुभाना दुरून रंधा मारत होता; त्याचा हात थांबला. आता हा हाक मारेल, आता विचारेल. बहिरूने एकदा सुभानाकडे पाहिलं, मान हलवली आणि तो आपल्या चाकाकडे निघून गेला.

सुभानाला राग आला, आणि खरं सांगायचं तर रागाच्या तळाशी थोडं बरंही वाटलं. आपण म्हणत होतो तेच खरं निघालं, याचं बरं वाटणं मोठं वाईट असतं.

‘उद्या,’ तो स्वतःशी म्हणाला. ‘उद्याही नाही दिसलं कोणाला, तर मीच जाईन.’

पण उद्या आला आणि तो गेला नाही. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्याच्याने राहवेना. तो पहाटे धावतच निघाला. खाचरांच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. त्यात त्याचं पाऊल रुतलंही नाही. त्याने सगळी बिळं बुजवली, दोन ठिकाणी बांधच खचले होते ते घातले, पाणी पुन्हा भरलं. पण रोपाला पाणी हवं होतं ते गेल्या आठवड्यात. लोंब्या बाहेर आल्या त्या ताठ उभ्या. भरलेली लोंबी लवते. या लवल्या नाहीत. बहिरूच्या बायकोने एका सकाळी एक दाणा नखाने सोलला. आत काही नव्हतं. नुसता फोल.

चौदांपैकी खालची पाच खाचरं तेवढी तगली.

त्या दुपारी सगळे खळ्यावर जमले. बहिरूच्या मांडीवर त्याची दोन वर्षांची लेक त्याच फोल लोंब्यांशी खेळत होती.

“हस्त नक्षत्र कोरडं गेलं, त्याचं हे फळ,” कोणीतरी म्हणालं.

“जागेच्या देवाला आपण काही दिलं नाही,” नागोजी म्हणाला. “जमीन रुसली. नारळ, कोंबडं काहीतरी करायला हवं.”

सगळ्यांनी माना डोलवल्या. सुभानानेही डोलवली.

तेवढ्यात डोंगराची वाट उतरून गजरा आली. डोक्यावरचं गाठोडं तिने तसंच राहू दिलं. खाचरांकडे पाहत ती उभी राहिली, मग सुभानाला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “पाऊस गेला, कबूल. पण पाट वाहतो आहे. मग पोटरीच्या दिवसांत पाणी कुठे गेलं?”

सुभाना जमिनीकडे बघू लागला.

“तुमची तब्येत बिघडली होती?”

“नाही.”

गजराने गाठोडं खाली ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच सुभानाला भीती वाटली. “ती माणसं देवाला कोंबडं कापायला निघालीत. तुम्ही सांगता, की मी सांगू?”

सुभाना परत खळ्यावर आला. एवढी वर्षं त्याने या माणसांपुढे किती बोलून दाखवलं होतं. आज चार वाक्यं बोलणंही त्याला जड गेलं. त्याने सगळं सांगितलं. खेकड्यांची बिळं सांगितली, पहाटेचे फेरे सांगितले, आणि शेवटी ते आठ दिवसही सांगितले. “मला दिसत होतं,” तो म्हणाला. “रोज दिसत होतं. मी मुद्दाम गेलो नाही.”

नागोजी ताडकन उठला. “म्हणजे तुला कळत होतं? पोरांच्या तोंडचा घास जातोय हे कळत होतं, आणि तू रंधा मारत बसलास? आम्हाला धडा शिकवायला?”

“तुम्हाला दिसायला हवं होतं,” सुभाना म्हणाला. पण ते म्हणताना त्यालाच ते पोकळ वाटलं.

“मला दिसलं होतं,” बहिरू एकदम म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. बहिरूने लेकीला मांडीवरून खाली ठेवलं. “पाणी उतरलेलं मी तिसऱ्या दिवशीच पाहिलं. मला वाटलं, सुभानानेच सोडलं असेल. कापणीआधी पाणी सोडतात, एवढं ऐकून होतो. कधी सोडतात ते मला कुठे ठाऊक? मी जन्मभर मडकी केली. विचारावं असं मनात आलं होतं. पण म्हटलं, विचारलं तर सुभानाला वाटेल, याचा माझ्यावर विश्वास नाही.”

बहिरूची बायको हळूच म्हणाली, “मलाही दिसलं होतं.” आणि मागून आणखी एकजण म्हणाला, “मलाही.”

चिमाई एवढा वेळ खांबाला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, “मी शेकडो बायकांची बाळंतपणं केली. जी ओरडते तिची मला कधी काळजी वाटली नाही. जी दात दाबून हसत राहते, तिच्या उशापासून मी हलत नाही. आपण दोन वर्षं तसेच हसत बसलो होतो. सुभाना, तू चुकलास. मोठी चूक केलीस. पण आम्ही तुला कधी विचारलं नाही, की बाबा, तू पहाटेचा कुठे जातोस? चिखलाचे पाय सगळ्यांनी पाहिले होते.”

त्या दिवशी त्या खोऱ्यात पहिल्यांदा भांडण झालं, आणि चांगलं तीन दिवस चाललं. घरं चिखलात का बांधली इथपासून सगळं निघालं. एका चुलीवरचं जेवण बहिरूच्या बायकोला तिखट लागत होतं आणि लेकरू उपाशी झोपत होतं. कोणाला पहाटे उठणं जमत नव्हतं, कोणाला बैलांची भीती वाटत होती. चिमाईला गुरांचा गोठा घरापासून इतका लांब नको होता. तिला जाववत नव्हतं, पण आपण थकलो आहोत असं सांगायची तिला लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून सगळे मोकळे होते. गजरा खळ्यावर आली. तिने एक काटकी घेतली आणि सारवलेल्या जमिनीवर रेघ ओढून विचारलं, “पहाटे शेण कोण काढणार?”

या वेळी कोणी हसलं नाही.

दिवस मावळेपर्यंत ते बसले. शेतावर, गोठ्यात, चुलीपाशी जेवढी म्हणून कामं होती, तेवढ्यांची नावं घेतली गेली. प्रत्येक नावापुढे एका माणसाचं नाव आलं, आणि तो माणूस आजारी पडला तर दुसऱ्याचं. बांधाचा फेरा बहिरूने मागून घेतला. “मातीचं मला थोडं कळतं,” तो म्हणाला. रात्रीचं जेवण ज्याने त्याने आपापल्या घरी करायचं ठरलं.

नागोजी शेवटपर्यंत बोलला नाही. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मी जातो. रागावून जात नाही. राग होता, तो आता ओसरला. पण मला माझं स्वतःचं खाचर हवं. ते मला इथे येण्याआधीही हवंच होतं. तुम्ही सगळे एवढे आनंदात होतात, की मला सांगायची लाज वाटली.”

सुभानाच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘राहा’ असं म्हणायला तो पुढे झाला होता. पण नागोजीच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते परतवून लावणं त्याला बरं वाटलं नाही. त्या पाच खाचरांतल्या भातातला नागोजीचा वाटा गाडीवर चढवायला तो स्वतः गेला.

ते वर्ष कठीण गेलं. सहा घरांनी डोंगरावरची कंदमुळं उकडून खाल्ली. बहिरूने दोन घाट ओलांडून मडकी नेली आणि नाचणी आणली. सुभाना कोणी न सांगता उपाशी राहू लागला, तेव्हा बहिरूच्या बायकोने त्याच्यापुढे भाकरी आपटून ठेवली. “हेही गुपचूप करू नका,” ती म्हणाली. “भूक लागली असेल तर भूक लागली म्हणा.”

पुढच्या पावसाळ्यात बहिरू बांधावर फिरू लागला. सुरुवातीला त्याने बुजवलेली बिळं दुसऱ्याच दिवशी फुटत. सुभाना दुरून पाहत असे. एका सकाळी जुन्या सवयीने त्याच्या मनात आलं, की उद्या आपणच लवकर उठून निस्तरावं. पण या वेळी तो सरळ बांधावर गेला आणि म्हणाला, “बहिरू, नुसता चिखल टिकायचा नाही. आधी गवताचा बोळा ठास.”

बहिरू कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “आठ दिवस बघतोयस, आणि आज सांगतोस?” दोघांत थोडी बाचाबाची झाली. मग दोघांनी मिळून गवत कापलं.

त्या वर्षी चौदाही खाचरांतल्या लोंब्या लवल्या. पुढे सहा घरांची अकरा घरं झाली. त्या खोऱ्यात दर अमावास्येला भांडणाचा आवाज येत असे, आणि वाटेने जाणारे लोक म्हणत, इथली माणसं फार कजाग दिसतात. पण त्या शेताचे तुकडे कधी झाले नाहीत, आणि सुभाना म्हातारा होऊन त्याच मातीत गेला.

तात्पर्य: मनं जुळली म्हणून शेत पिकत नाही, मनातलं उघड बोलून कामं वाटून घेतली, तर शेत पिकतं आणि जुळलेली मनंही टिकतात.